भोसल्यांचें आजोळ आणि आपलें

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या घरीं एक लहानसा प्रसंग घडला. तो इतका घरगुती आहे, कीं मासिकाच्या वाचकांपुढें मांडण्याचा संकोच वाटावा. परंतु त्यानें माझ्या मनांत जो प्रश्न उभा केला तो क्षुल्लक नाहीं, आणि त्याचा माग काढतां काढतां मी आमच्या फलटणच्या इतिहासांत जाऊन पोंचलों, म्हणून तो सांगण्याचें धाडस करतों. माझी कन्या व जांवई पुण्यास नोकरी करतात. त्यांचा मुलगा तेव्हां नुकताच दोन वर्षांचा झाला होता. या दोन वर्षांत त्या दोघांना एकहि रात्र सलग झोंप मिळाली नव्हती. शेवटीं त्यांनीं मुलाला आमच्याकडे ठेवलें, आणि तीं दोघें पांच दिवस महाबळेश्वरास विश्रांतीसाठीं गेलीं.

दुसऱ्या दिवशीं, नात्यानें माझ्या चुलत मामी लागणाऱ्या व आमच्याच आळींत राहणाऱ्या एक वृद्ध बाई सहज आल्या. नातू अंगणांत पाण्याच्या बादलीशीं खेळत होता. त्याच्याकडे पाहून त्यांनीं विचारलें, "अप्पा, याची आई कुठं दिसत नाहीं ती?" मीं खरें तें सांगितलें. त्या क्षणभर गप्प राहिल्या व म्हणाल्या, "आई-बाप हातींपायीं धड असतांना लेकरूं दुसऱ्याच्या दारांत? आमच्या वेळीं असलं नव्हतं हो." माझी पत्नी हंसून म्हणाली, "मामी, दुसऱ्याचं कुठलं? आजोळ आहे त्याचं."

मामी गेल्या, परंतु 'आमच्या वेळीं असलं नव्हतं' हें त्यांचें वाक्य घरांत राहिलें. इतिहास शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्याला असें वाक्य ऐकलें कीं जुने कागद उलगडावेसे वाटतात. खरोखरच नव्हतें काय? आई-बापांनीं कांहीं काळ दूर व्हावें आणि लेकरूं आप्तांनीं सांभाळावें, ही आजच्या नोकरदारांची सवय आहे, कीं जुनीच रीत आहे? माझें उत्तर प्रथमच सांगून टाकतों. रीत जुनी आहे. इतकेंच नव्हे, तर ज्या घराण्यांचा इतिहास आपण मुलांना शिकवितों तीं घराणीं या रीतीवर तगलीं. नवें असेल तर एवढेंच, कीं पूर्वीं आई-बाप लढाई, बाळंतपण किंवा यात्रा यांच्या नांवाखालीं दूर होत, आणि आतां 'आम्ही थकलों आहों' असें सरळ सांगून जातात.

या शोधाला फलटणपेक्षां सोईची जागा नाहीं. बाणगंगेच्या कांठीं वसलेलें हें गांव महानुभावांना श्रीचक्रपाणींची जन्मभूमि म्हणून वंद्य आहे. आषाढीच्या वाटेवर ज्ञानेश्वरांची पालखी येथें मुक्कामाला असते. आणि १९४८ सालीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन होईपर्यंत येथें नाईक निंबाळकरांचा अंमल होता. शिवकालाच्या पुस्तकांत फलटणचें नांव बहुधा लढायांच्या नाहीं तर वतनांच्या संदर्भांत येतें. मला तें निराळ्या कारणानें महत्त्वाचें वाटतें. निंबाळकरांची मुलगी भोसल्यांच्या घरांत दोनदां सून म्हणून गेली: एक मालोजीराजांची पत्नी दीपाबाई, दुसरी शिवाजीमहाराजांची पत्नी सईबाई. पहिलीच्या पोटीं शहाजीराजे जन्मले, दुसरीच्या पोटीं संभाजीराजे. म्हणजे आजोबा आणि नातू, दोघांचेंहि आजोळ फलटण. आणि योग असा, कीं दोघांनाहि लहान वयांतच आई-बापांपैकीं एकाला मुकावें लागलें, व दोघेहि आप्तांच्या हातांखालीं वाढले.

दीपाबाईंना कवींद्र परमानंदानें 'शिवभारतां'त उमा म्हटलें आहे. फलटणचे जगपाळराव निंबाळकर हे त्यांचे बंधु. निजामशाहीच्या चाकरींत असतां मालोजीराजे इंदापूरच्या लढाईंत पडले, तेव्हां शहाजी व शरीफजी हे दोघे मुलगे लहान होते. अशा वेळीं मुलें आजोळीं नेण्याची चाल आपल्याकडे कांहीं कमी नाहीं. परंतु येथें मुलांच्या डोक्यावर हात ठेवला तो चुलता विठोजी यानें. विठोजीला स्वतःचे आठ मुलगे होते. आठांत दोन मिळून दहा झाले. १६२४ सालीं भातवडीच्या रणांत शहाजीराजे नांवारूपास आले, आणि त्याच रणांत शरीफजी कामास आला. विठोजीचे मुलगेहि तेथें लढत होते. एका पंगतीला जेवून वाढलेलीं हीं भावंडें एका फौजेंत उभीं राहिलीं. भातवडीचें वर्णन करतांना आम्ही गनिमी काव्याविषयीं पुष्कळ बोलतों. त्या विजयाच्या मागें एका चुलत्याचें भरलेलें घर होतें, हें मात्र मीं कोणत्याहि वर्गांत सांगितल्याचें मला आठवत नाहीं.

पुढच्या पिढींत प्रसंग याहून बिकट आला. १६२९ सालीं निजामशहानें लखुजी जाधवराव व त्यांचे मुलगे यांचा देवगिरीच्या किल्ल्यांत दगाबाजीनें वध करविला. जिजाबाई तेव्हां शहाजीराजांच्या धांवपळींत सांपडलेल्या. बाळंतपणासाठीं मुलीनें माहेरीं जावें ही आपली रीत. पण ज्या माहेरचा बाप आणि भाऊ एका दिवसांत गेले, त्या माहेरीं जायचें कोणाकडे? शहाजीराजांनीं त्यांना शिवनेरीवर विजयराजाच्या आश्रयाला ठेवलें. हा विजयराज कोण, हें परमानंद आवर्जून सांगतो. शहाजीराजांचा थोरला मुलगा संभाजी याला विजयराजाची मुलगी जयंती दिलेली होती. म्हणजे तो व्याही होता. १९ फेब्रुवारी १६३० रोजीं शिवाजीमहाराज जन्मले ते अशा रीतीनें आईच्या व्याह्याच्या गडावर.

येथें क्षणभर थांबून सोयरीक या शब्दाचा विचार करावासा वाटतो. मराठे सरदारांच्या सोयरिकी म्हणजे राजकारण, असें आम्ही शिकवितों. आणि तें खोटें नाहीं. परंतु सोयरीक करतांना जो तो आणखी एक गोष्ट मनांत ठेवीत असावा, असें मला वाटूं लागलें आहे. उद्यां पळापळ झाली तर बायका-मुलें ठेवायला विश्वासाचें दार कोणतें? फौजफांटा भाड्यानें मिळतो, दोन वर्षांच्या मुलाला मांडीवर घेणारी माणसें भाड्यानें मिळत नाहींत. विजयराजाची सोयरीक शहाजीराजांना किती प्रदेश देऊन गेली हें विचारण्यापेक्षां, तिनें त्यांच्या गरोदर पत्नीला निजायला एक निर्भय खोली दिली, हें पाहणें अधिक खरें आहे.

आतां सईबाईंकडे वळूं. फलटणचे मुधोजी निंबाळकर यांची ही मुलगी. तीन मुलींच्या पाठीवर १४ मे १६५७ रोजीं पुरंदरावर त्यांच्या पोटीं संभाजीराजे जन्मले. बाळंतपणानंतर सईबाईंची प्रकृति ढांसळली व अंगावर दूध पुरेना, तेव्हां पुरंदरापासून फार दूर नसलेल्या कापूरहोळ या गांवची धाराऊ गाडे ही दूध-आई म्हणून आणली, अशी परंपरा आहे. ५ सप्टेंबर १६५९ रोजीं सईबाई राजगडावर वारल्या. मुलगा सव्वादोन वर्षांचा होता. आमच्या अंगणांत बादलीशीं खेळणाऱ्या नातवाएवढाच. तिकडे अफझलखान चालून येत होता. त्यानंतर दोन महिन्यांनीं, १० नोव्हेंबरला, प्रतापगडाच्या पायथ्याशीं जें घडलें तें सर्वांस ठाऊक आहे. त्या दोन महिन्यांत महाराजांना पत्नीचें सुतक धरून घरांत बसायला सवड नव्हती, आणि लेकराला जवळ घ्यायला तर नव्हतीच.

मग त्या लेकराला कोणीं जवळ घेतलें? आजोळ फलटण होतें खरें; पण फलटणचें घराणें तेव्हां विजापूरच्या चाकरींत होतें, आणि स्वराज्याच्या वारसाला शत्रूच्या अंमलांतील घरीं, मग तें मामाचें कां असेना, धाडणें शक्य नव्हतें हें उघड आहे. लेकरूं राहिलें आजीजवळ. जिजाबाईंनीं तेव्हां साठी गांठलेली होती. त्या राज्याचा कारभार पाहात होत्या आणि नातवालाहि पाहात होत्या. शिवाजीमहाराज मोठे झाले तें जिजाबाईंमुळें, हें आपण शाळेच्या पहिल्या इयत्तेपासून ऐकतों. त्यांनीं दुसऱ्यांदा एक लेकरूं वाढविलें, हें मात्र ओघांत येऊन जातें. राज्याभिषेक ६ जून १६७४ चा, आणि जिजाबाईंचा मृत्यु १७ जूनचा. तेव्हां तो नातू सतरा वर्षांचा झाला होता. त्याला आईचा चेहरा आठवत असणें कठीण. आजीचा मात्र जन्मभर आठवला असेल.

संभाजीराजांच्या बालपणांत आणखीहि एक प्रसंग आहे. १६६६ सालीं आग्र्याहून निसटल्यावर महाराजांनीं नऊ वर्षांच्या मुलाला मथुरेंत एका महाराष्ट्रीय ब्राह्मण कुटुंबाच्या हवालीं केलें व स्वतः पुढें निघून गेले. मूल बरोबर असतें तर दोघेहि सांपडते. बखरकार त्या कुटुंबाचें मोरोपंत पिंगळ्यांशीं नातें सांगतात. येथें पुन्हां तेंच: नात्याचें नातें, आणि त्या नात्यावर टाकलेला प्राणाएवढा विश्वास. त्या काळीं बाप मुलाला सोडून गेला म्हणून आज कोणी त्याला निष्ठुर म्हणत नाहीं. कारण सोडणें आणि सोंपविणें या दोन क्रियांमधील अंतर आपल्याला तेथें स्पष्ट दिसतें. मामींच्या प्रश्नांत नेमका याच दोन शब्दांचा घोंटाळा झाला होता.

तथापि या चित्राची दुसरी बाजू लपविणें इतिहासाला शोभणार नाहीं. आप्त म्हटला कीं तो विठोजीच असतो असें नाहीं. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत अठरा वर्षांच्या नारायणरावाचा खून झाला, आणि त्या कटाच्या मुळाशीं सख्खा चुलता होता. ज्याच्या मागें राज्य येतें त्या लेकराला चुलत्याची मांडी सुरक्षित असतेच असें नाहीं. म्हणूनच नारायणरावाच्या गरोदर पत्नीला, गंगाबाईंना, कारभाऱ्यांनीं पुण्यांतून हलवून पुरंदरावर नेलें. आणि त्यांच्या सोबतीला गेल्या पार्वतीबाई. पानिपतावर नाहींशा झालेल्या सदाशिवरावभाऊंची ही पत्नी. नवरा परत येईल या आशेनें त्यांनीं आपलें कुंकू पुसूं दिलें नव्हतें. १८ एप्रिल १७७४ रोजीं, संभाजीराजे जन्मले त्याच पुरंदरावर, सवाई माधवराव जन्मला. तीन वर्षांनीं, १७७७ सालीं, गंगाबाई वारल्या. त्या पोरक्या पेशव्याला सांभाळलें तें नात्यानें चुलत आजी लागणाऱ्या या निपुत्रिक बाईनें, आणि १७८३ सालीं तीहि गेली. एकाच वाड्यांत एका आप्तानें पुतण्याचा जीव घेतला व एका आप्तानें त्या पुतण्याचें मूल छातीशीं धरलें. फरक नात्याच्या जवळिकेचा नव्हता. राज्याच्या लोभाचा होता. चुलत्याला लेकरापासून कांहीं मिळवायचें होतें. पार्वतीबाईंना कांहीं मिळवायचें नव्हतें.

येथपर्यंत राजघराण्यांची कथा झाली. वाचक म्हणतील, कीं यांत सर्वत्र मरण आहे, युद्ध आहे. चार दिवस हवा खायला गेलेल्या आई-बापांशीं याचा संबंध काय? आक्षेप खरा आहे. दप्तरांत लेकरूं उतरतें तें वारस म्हणून, संकटाच्या वेळीं. सुखाच्या दिवसांत त्याला कोण खेळवीत होतें याची नोंद कारकून करीत नाहीं. ती नोंद शोधायची तर दप्तर सोडून जात्याकडे जावें लागतें. साने गुरुजींनीं 'स्त्रीजीवना'त बायकांच्या ओव्या जमविल्या. पुढें गी प्वातवां व हेमा राईरकर यांच्या प्रयत्नानें महाराष्ट्राच्या खेड्यांतून लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह झाला. त्या ओव्यांत माहेर हा विषय जितक्यांदा येतो तितका राजा येत नाहीं, कीं सरकार येत नाहीं. नागपंचमीला किंवा दिवाळीला भाऊ मुराळी होऊन येतो, लेकुरवाळी बहीण त्याच्याबरोबर निघते, आणि माहेरच्या उंबऱ्याच्या आंत पाय ठेवतांच कडेवरचें मूल आजीच्या कडेवर जातें. मग ती दिवस वर येईपर्यंत निजते. सासरीं पहाटे जात्यावर बसणाऱ्या बाईला हें निजणें म्हणजे काय होतें, तें आज आपणांस कळणार नाहीं. माहेरपण ही तरुण आईची रजा होती. तिला रजा म्हणत नसत एवढेंच.

दुसरी रजा वारीची. ज्ञानेश्वरांची पालखी नीरा ओलांडून लोणंद, तरडगांव, फलटण, बरड अशी पुढें जाते. आम्ही लहानपणापासून तो सोहळा दारांतून पाहात आलों. त्यांत तरुण बायका किती असतात, आणि त्यांची पोरें त्या दिवसांत कोणाजवळ असतात, हा प्रश्न मला पन्नाशी उलटेपर्यंत सुचला नव्हता. मामींच्या बोलण्यानंतर तो सुचला, आणि तिसऱ्या दिवशीं त्या आल्या तेव्हां मीं त्यांनाच विचारला: "मामी, तुम्ही वारी कधीं केलीत?"

"केली कीं," त्या उत्साहानें म्हणाल्या. "तीन वेळां केली. पहिल्यांदा गेले तेव्हां धाकटा दीड वर्षांचा होता."

"मग तो कोणाजवळ होता?"

"जाऊबाईंजवळ. थोरल्या जाऊबाई होत्या ना घरांत."

म्हणजे 'आमच्या वेळीं' असलें होतें! मीं तें बोलून दाखविलें नाहीं. मामींच्या तें ध्यानांतहि आलें नाहीं. त्यांच्या मनांत देवाला जाणें आणि महाबळेश्वरास जाणें यांची तुलनाच होऊं शकत नव्हती. पण मला पुढचा प्रश्न आवरला नाहीं. "आणि जाऊबाई कधीं वारीला गेल्या?"

मामी जरा चमकल्या. "ती कुठली जाते? कपाळ पांढरं झालं होतं तिचं वयाच्या विसाव्या वर्षीं. ती घरांतच असायची. ती गेल्यावर पोरं कोणी सांभाळायचीं?"

या एका उत्तरांत जुन्या व्यवस्थेचें सारें रहस्य आलें. एकत्र कुटुंबांत लेकरांना हातांची वाण नव्हती, असें आपण अभिमानानें सांगतों. परंतु ते मोकळे हात कोणाचे होते? पुष्कळ घरांत ते विधवा आत्याचे होते, विधवा जावेचे होते, टाकलेल्या मावशीचे होते. ज्यांना स्वतःचें घर उरलें नव्हतें त्या बायका दुसऱ्यांचीं घरें उभीं ठेवीत होत्या. त्यांना नाहीं म्हणण्याची सोय नव्हती, म्हणून त्या नेहमीं 'हो' म्हणत. १८८९ सालीं पंडिता रमाबाईंनीं शारदासदन काढलें, १८९६ सालीं कर्व्यांनीं अनाथ बालिकाश्रम स्थापिला, तेव्हां समाजानें जो आरडाओरडा केला त्याचीं धार्मिक कारणें आम्ही विद्यार्थ्यांना सांगतों. त्यांत एक घरगुती कारणहि मिसळलें असावें, असें मला आतां वाटतें: विधवा शिकायला गेली, कीं घरांतलें एक फुकटचें माणूस गेलें. पार्वतीबाईंची थोरवी सांगतांनाहि हा विचार बाजूला ठेवतां येत नाहीं. त्यांनीं प्रेमानें केलें यांत शंका नाहीं. पण त्यांना दुसरें कांहीं करण्याची मुभा होती काय? आणि धाराऊ कापूरहोळाहून गडावर आली, तेव्हां तिच्या स्वतःच्या घरच्या लेकरांना कोणीं पाहिलें? तिचें नांव तरी राहिलें. जिनें तिच्या मागें तिचें घर पाहिलें, तिचें नांव कापूरहोळालाहि ठाऊक नसेल.

ही गोष्ट आपल्याच देशाची आहे असें समजण्याचें कारण नाहीं. १९०१ सालीं इंग्लंडचे युवराज, पुढें पंचम जॉर्ज म्हणून गादीवर आले ते, पत्नीसह साम्राज्याच्या दौऱ्यावर गेले व सुमारें आठ महिने परत आले नाहींत. घरीं चार मुलें होतीं. सर्वांत धाकटें नुकतेंच वर्षाचें झालेलें. तीं आजी-आजोबांकडे, म्हणजे सातवे एडवर्ड व राणी अलेक्झांड्रा यांच्याकडे राहिलीं. थोरल्या नातवानें पुढें आठवणी लिहिल्या. त्यांवरून दिसतें, कीं आजी-आजोबांनीं मुलांना मनसोक्त खेळूं दिलें, आणि गांवाबाहेरच्या राजवाड्यांत जातांना शिकविणाऱ्या बाईंना मुद्दाम लंडनमध्येंच ठेवून दिलें! साम्राज्य असो कीं आमची आळी, आजोबा सर्वत्र सारखेच बिघडवितात. परंतु त्या राजवाड्यांत आजीला मूल उचलावें लागत नव्हतें. उचलणाऱ्या दाया पगारी होत्या. ज्यांना पैसा आहे त्यांनीं हें काम विकत घेतलें, ज्यांना नाहीं त्यांनीं तें नात्यावर घातलें. आणि दोन्हीकडे तें काम केलें तें बहुशः बायांनींच.

आज यांतलें काय उरलें आहे? विठोजीचें भरलेलें घर उरलें नाहीं, आणि थोरल्या जाऊबाईहि उरल्या नाहींत. दुसरी गोष्ट नाहींशी झाली हें चांगलें झालें. तरुण जोडपें पुण्यांत दोन खोल्यांत राहतें. शेजारीं कोण आहे तें ठाऊक नसतें. नात्यानें जें केलें तें थोडेंबहुत कायद्यानें करावें, असा प्रयत्न झाला आहे. १९२९ सालीं मुंबई इलाख्यांत गिरणींतल्या बायांसाठीं बाळंतपणाच्या रजेचा कायदा झाला. १९६१ सालीं सर्व देशासाठीं झाला. २०१७ सालीं ती रजा २६ आठवड्यांची झाली, आणि ज्या ठिकाणीं ५० किंवा अधिक माणसें कामाला असतील तेथें पाळणाघराची सोय असावी असें ठरलें. १९७५ पासून खेडोपाडीं अंगणवाड्या निघाल्या. हें सर्व स्तुत्य आहे. परंतु कायदा आईला कामावर जाण्यासाठीं मोकळी करतो. थकलेल्या आईला नुसतें निजण्यासाठीं मोकळी करणारा कायदा अजून व्हायचा आहे, आणि तो होणारहि नाहीं. तें काम माणसांनींच करायला हवें.

शिवाय त्या कायद्याचा हात सर्वत्र पोंचतो असेंहि नाहीं. फलटण हा उसाचा मुलूख आहे. दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि उन्हाळा लागेपर्यंत शिवाराच्या कडेला कोप्या करून राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटेच्या थंडींत दोघें फडांत उतरतात. कांहीं जणांचीं लेकरें गांवीं आजी-आजोबांकडे राहिलेलीं असतात, कांहींचीं फडाच्या बांधावर लुगड्याच्या झोळींत असतात, आणि त्या झोळीला झोंका द्यायला सहा-सात वर्षांची बहीण असते. तिची शाळा तेवढे महिने बुडते. त्या गांवाकडच्या म्हाताऱ्या आजी-आजोबांना पांच दिवस नव्हे, पांच-सहा महिने हें काम करावें लागतें. आणि तिकडे आई-बाप विश्रांती घेत नसतात. महाबळेश्वराला गेलेल्या माझ्या लेकीविषयीं मामींनीं प्रश्न विचारला; त्या कोपींतल्या आईला असा प्रश्न कोणी विचारीत नाहीं, कारण तिच्या जाण्याला पोटाचें कारण आहे. कष्टासाठीं लेकरूं ठेवलें तर चालतें, विसाव्यासाठीं ठेवलें तर दोष लागतो, हा आपला न्याय मला आतां तपासून पाहावासा वाटतो. लढाईला जाणाऱ्या बापाला आपण तो दोष लावला नाहीं. वारीला जाणाऱ्या आईला लावला नाहीं. ज्या विसाव्याला देवाचें किंवा देशाचें नांव दिलें तो विसावा आपल्याला चालतो. नुसता विसावा चालत नाहीं.

माझें म्हणणें एवढेंच, कीं जुन्या रीतींत जें चांगलें होतें तें उचलावें व तिचा हिशेब मात्र चोख करावा. लेकराला अनेक मांड्यांची सवय असणें हें त्याचें दुर्दैव नाहीं. शहाजीराजे व संभाजीराजे अनेक मांड्यांवर वाढले. आई-बापांनीं चार दिवस दूर होणें हा अपराध नाहीं; परत येण्यासाठींच तीं जातात. पण जो सांभाळतो त्याचीहि पाळी आली पाहिजे. मामींना मीं शेवटचा प्रश्न केला होता, "पंढरीहून जाऊबाईंना काय आणलंत?" त्यांनीं आश्चर्यानें माझ्याकडे पाहिलें. "तिला काय आणायचं? प्रसाद दिला कीं सगळ्यांबरोबर. घरचीच होती ती." 'घरचीच होती ती' या शब्दांत केवढी माया आहे, आणि केवढा अन्यायहि!

पांचव्या दिवशीं संध्याकाळीं लेक-जांवई परत आलीं. नातवानें आईकडे पाहिलें, आजीच्या पदराआड तोंड लपविलें, आणि मग एकदम धांवत जाऊन आईच्या गळ्यांत पडला. मामी आल्याच होत्या. लेकीच्या तोंडाकडे पाहून त्या म्हणाल्या, "तरतरी आली ग पोरी." मग माझ्या पत्नीकडे वळून म्हणाल्या, "आणि हिचं तोंड बघा कसं उतरलंय."

लेकीनें आईजवळ बसत विचारलें, "आई, तुला कुठं जायचंय ते सांग. आम्ही दोघं रजा घेऊन इथं येऊन राहतों."

पत्नीनें फार विचार केला नाहीं. पालखी आयुष्यभर दारांतून पाहिली, आतां तरडगांवपासून फलटणपर्यंत तिच्याबरोबर एक दिवस चालावें, असें तिच्या मनांत पुष्कळ वर्षें होतें म्हणे. मला तें त्या दिवशीं प्रथम कळलें. आषाढांत ती गेली. मीहि तिच्याबरोबर चाललों. आमच्या मागें घर लेक-जांवयांनीं सांभाळलें, आणि मामी दिवसभर तेथेंच बसून होत्या, नातवाला खेळवीत.